एका वाक्याचे पृथक्करण

यंदा गौरीच्या फराळाच्या चकल्या मी स्वतः पाडल्या. चांगल्या दीड किलो भाजणीच्या. आता यात छापून सांगण्यासारखे काय आहे, असे माझ्या वाचक भगिनींना वाटेल. घरोघर चकल्या होतात. कुणाच्या खुसखुशीत होतात, कुणाच्या मऊ पडतात. त्यासाठी कोणी साप्ताहिकात लेख लिहीत नाही. पण गेली चार वर्षे आमच्याकडे सोऱ्या दाबण्याचे काम ‘ह्यां’च्याकडे गेले होते आणि ताटात पडलेल्या त्या वस्तूला चकली म्हणावे की महाराष्ट्राचा नकाशा, यावर दर वर्षी वाद होत असे. मला सोऱ्या दाबवतच नव्हता. दहा मिनिटे उभी राहिले की मानेपासून खांद्यापर्यंत कळ येई आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर होत. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू गळून पडे. मुले समजत, बाईंचे वय झाले. शेहेचाळिसाव्या वर्षी मीही तसेच समजू लागले होते.

दुखण्याचे कारण मला ठाऊक नव्हते असे नाही. ते सांगायचे कसे, हे ठाऊक नव्हते. मी मराठीची प्राध्यापिका. वीस वर्षे जुने काव्य शिकवीत आले. आपल्या कवींनी स्त्रीच्या देहाची जी वर्णने केली आहेत ती बी.ए.च्या वर्गापुढे मी न अडखळता वाचते आणि अलंकार ओळखा म्हणून मुलांना दटावतेही. पण स्वतःच्या देहाविषयी बोलायची वेळ आली, तेव्हा आमच्या डॉक्टरकाकांना मी खाली मान घालून एवढेच म्हणाले, “छातीचा त्रास आहे.”

डॉक्टरकाकांनी घाईघाईने मला टेबलावर निजवून हृदयाचा आलेख काढला. तो उत्तम निघाला. दुसऱ्या खेपेला मी “छातीवर जड वाटतं” म्हणाले, तेव्हा पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या खेपेला “अंग जड झालंय” म्हणाले, तर आहाराचा एक कागद हाती आला. मी तो इमानाने पाळला. आठ महिन्यांत सहा किलो वजन उतरले. गाल बसले, बांगड्या सैल झाल्या. पण जिथून उतरायला हवे होते तिथून गुंजभरही उतरले नाही. शब्दांचा अर्थ शिकवण्याचा पगार घेणाऱ्या बाईने स्वतःच्या दुखण्याला तीन वेळा चुकीचा शब्द वापरला आणि तीन वेळा चुकीचे औषध घेतले, असा हा हिशेब आहे.

शेवटी मानेच्या व्यायामासाठी जिच्याकडे जात होते त्या मुलीने तो शब्द काढला. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी. माझ्या खांद्यावर बोट ठेवून तिने विचारले, “मॅडम, हे चर कसले?” दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीचे खोल वण होते. आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी पडलेले. मी काहीतरी पुटपुटले. ती सरळ म्हणाली, “तुमच्या स्तनांचं वजन तुमच्या अंगाला पेलत नाहीये. मी कितीही व्यायाम दिले तरी हे ओझं तसंच राहणार. तुम्ही सर्जनना दाखवा.”

त्या रात्री मला आईची आठवण झाली. तिच्याही खांद्यांवर असेच चर होते. पाठीला तेल चोळताना मी विचारी, “आई, हे काय गं?” ती म्हणे, “विहिरीचं पाणी ओढलंय ना जन्मभर, त्याचं.” आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून नळ होता.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले, त्यांनी मला न लाजवता सारे समजावून दिले. काही स्त्रियांत हे वाढणे वयात येतानाच प्रमाणाबाहेर जाते, काहींत बाळंतपणानंतर; पुष्कळदा ते आईकडून आलेले असते. त्यात नुसती चरबी असते असे नाही, ग्रंथींचा आणि तंतूंचाही भाग असतो. म्हणून सगळे अंग बारीक झाले तरी तो भाग तसाच राहू शकतो. वजन सतत पुढे ओढत असल्यामुळे मान, खांदे आणि पाठ दुखते, पोक येते, बोटांना मुंग्या येतात. घडीखाली घाम साचून कातडी लाल होते आणि चिघळते. माझे तर लागोपाठ दोन पावसाळे तिथे जखमा होऊन चिकटून राहिलेले कापड सोडवण्यात गेले होते. दोनदा जंतुसंसर्ग होऊन ताप आला होता. घरी मी ‘घामोळे’ म्हणून सांगितले होते.

उपाय एक होता. जादा भाग काढून टाकायचा, स्तनाग्र वरच्या जागी आणायचे आणि उरलेल्याला आकार द्यायचा. पूर्ण भूल, तीनेक तासांची शस्त्रक्रिया, पुढे सहा आठवडे ओझे उचलायचे नाही. वण राहतात, तिथली संवेदना कमी होऊ शकते, आणि तरुण मुलगी असेल तर पुढे बाळाला अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते, हेही त्यांनी सांगून टाकले. खर्च सुमारे सव्वादोन लाख.

घरी मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितले. सासूबाईंनी ‘प्लास्टिक सर्जरी’ एवढाच शब्द ऐकला आणि घास खाली ठेवला. “प्लास्टिक घालणार? अंगात?” त्यांची समजूत घालायला मला व्युत्पत्ती सांगावी लागली. प्लास्टिक हा मूळचा ग्रीक शब्द. घडवणे, आकार देणे असा त्याचा अर्थ. बादल्या आणि पिशव्या फार नंतरच्या. शिवाय या विद्येचा आपल्या पुण्याशी जुना संबंध आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ एका देशी वैद्यक करणाऱ्याने, जो जातीने विटा भाजणारा होता, त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक करून दिले. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी त्यावरून धडा घेतला.

“बिचारा!” सासूबाई म्हणाल्या. “नाकाशिवाय कसं राहायचं माणसानं?” आणि त्यांनी पुन्हा घास उचलला.

आमचे हे मात्र व्युत्पत्तीने विरघळणारे नव्हेत. त्यांनी कपाटातून विम्याची फाइल काढली. आमच्या कुटुंबाचा आरोग्यविमा २०१३ पासून आहे. अकरा वर्षे हप्ता एकदाही चुकला नव्हता आणि हर्नियाच्या एका शस्त्रक्रियेखेरीज आम्ही कंपनीला कधी तसदी दिली नव्हती. त्यांनी चष्मा लावून पान उलटले आणि म्हणाले, “मिळणार नाही. इथे स्पष्ट लिहिलंय. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळून.”

तरी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून रुग्णालयाने कॅशलेससाठी कागद पाठवले. २०२४ साली झालेल्या नियमाप्रमाणे कंपनीने अशा अर्जावर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. नियम पाळला गेला. पन्नासाव्या मिनिटाला नकार आला. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही, असे त्या पत्राचे सार होते.

सौंदर्यासाठी! त्या शब्दाने मला विलक्षण ओशाळल्यासारखे झाले. वाटले, आपण काही गैर मागितले. ह्या वयात, मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी ठेवलेले पैसे नटण्यामुरडण्यावर घालायला निघालो. दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी मला माझ्यातल्या मास्तरणीने हाताला धरून उठवले. मुलांनी कठीण वाक्यापुढे हात टेकले की मी काय सांगते? पृथक्करण करा. मग मीच ते का करू नये?

फाइल घेऊन बसले. हे वाक्य एकट्या आमच्या कंपनीचे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली असे अपवाद साऱ्या कंपन्यांसाठी सारख्याच शब्दांत बांधून दिले. त्यांत आठव्या क्रमांकाचा हा. इंग्रजीतल्या त्या लांबलचक वाक्याचा मी वहीत मराठीत अर्थ उतरवला. मुख्य वाक्य असे, की रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. पण तिथे पूर्णविराम नाही. पुढे गौणवाक्य आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेसाठी ती केली असेल तर ही बंदी नाही. किंवा प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशा उपचाराचा ती भाग असेल, तरीही नाही. आणि ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केली पाहिजे.

कंपनीने मुख्य वाक्य वाचले होते, आमच्या ह्यांनीही तेवढेच वाचले होते. गौणवाक्य गौण असते ते व्याकरणात. व्यवहारात पुष्कळदा सगळा जीव त्यातच असतो.

मग मी रुग्णालयाने पाठवलेला कागद मागवून घेतला. त्यावर लिहिले होते, ‘रुग्णाची स्तन लहान करून घेण्याची इच्छा आहे.’ माझा अर्ज त्या एका ‘इच्छा’ शब्दाने बुडवला होता. कागद भरणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याने मला विचारले, “काय हवंय?” आणि मी उत्तर दिले, “जरा कमी करून हवंय.” दुखणे मी त्याला सांगितलेच नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः नवा दाखला लिहिला. त्यात इच्छा नव्हती. किती वर्षे कोणत्या तक्रारी आहेत, कोणते उपाय करून झाले, व्यायामाने आणि वजन उतरवूनही गुण का आला नाही, कातडीचा संसर्ग किती वेळा झाला, बोटांची बधिरता कधीपासून, आणि म्हणून ही शस्त्रक्रिया प्रकृतीसाठी आवश्यक आहे, असे क्रमवार मुद्दे होते. किती वजन काढावे लागेल याचा अंदाजही त्यांनी घातला. अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथे श्नुर नावाच्या शल्यविशारदाने १९९१ साली स्त्रीच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या मानाने किती ग्रॅम ऊती काढल्या जातात याचे कोष्टक मांडले, आणि तिथल्या विमा कंपन्या गरज आणि हौस यांतला फरक ठरवायला ते वापरू लागल्या. आपल्याकडे विम्याच्या अटींत असे कोष्टक नाही. तरी आकडा लिहिलेला बरा, असे त्या म्हणाल्या. आकड्याला लाज वाटत नाही.

कागद गोळा करताना मला एक गमतीची गोष्ट कळली. दुखणे खरे आहे हे दाखवायचे तर ते जुने आहे असे सिद्ध करावे लागते, आणि जुने आहे म्हणावे तर कंपनी विचारते, “मग विमा काढण्याआधीचं तर नाही?” इकडे आड तिकडे विहीर. सुदैवाने आमचा विमाही जुना होता. पूर्वीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता २०२४ च्या नियमाने जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. आणि सलग पाच वर्षे विमा चालू राहिला, की पूर्वी सांगितले नव्हते म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट निराळी. अकरा वर्षे न चुकता भरलेल्या हप्त्यांचा मला प्रथमच अभिमान वाटला.

तरी कॅशलेस मिळाले नाहीच. मी थांबायचे नाही असे ठरवले. मुलीच्या नावाची मुदतठेव मोडली. डिसेंबर २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. एका बाजूने ७२० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूने ६८० ग्रॅम काढले आणि रिवाजाप्रमाणे तपासणीला पाठवले. सासूबाईंनी रुग्णालयातच शेरात हिशेब केला. “दीड शेर! अगं, म्हणजे ही एवढी पिशवी गळ्यात अडकवून तू स्वयंपाक करीत होतीस, आणि मी म्हणत होते, सूनबाईला उभं राहायचा कंटाळा!” त्या पदराने डोळे पुसू लागल्या, तेव्हा मलाच त्यांची समजूत काढावी लागली. दीड शेर काही फार नाही, पण बाजाराची पिशवी घरी आल्यावर खाली ठेवता येते. ही ठेवता येत नव्हती.

सहाव्या आठवड्यात मी कॉलेजात गेले आणि सलग दोन तास उभी राहून शिकवले. खडू पडला नाही.

पैशाचा लढा मात्र चालूच होता. भरलेल्या २,३८,००० रुपयांसाठी रीतसर दावा केला. तोही नाकारला गेला. यावेळी कंपनीने आठव्या अपवादाचा क्रमांक घातला. नकार देताना कोणत्या अटीखाली दिला हे सांगणे आणि तो कंपनीच्या दावे-परीक्षण समितीपुढून जाणे २०२४ पासून बंधनकारक आहे, हे मला तोवर कळले होते. मी कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले. त्यात अगोदरच्याच नकाराचा पुनरुच्चार होता.

आमचे हे म्हणाले, “झालं ते झालं. कोर्टकचेरी आपल्यासारख्यांचं काम नव्हे.” पण कोर्टाची जरुरी नव्हती. विमा लोकपाल नावाची एक सोय सरकारने केलेली आहे आणि पुण्यातच त्यांचे कार्यालय आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिने नाकारली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगापुढे मात्र चालू असता कामा नये. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार त्यांना ऐकता येते. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला मान्य नसेल तर आपण ग्राहक आयोगाकडे जायला मोकळे.

मी चार पानी अर्ज लिहिला आणि निबंधाची चार पाने खोडून दीड करणाऱ्या सवयीने तो दीड पानावर आणला. गौणवाक्य अधोरेखित केले. शेवटी एवढेच लिहिले, की वाक्याचे दोन अर्थ होत असतील तर विम्याच्या करारात संदिग्धतेचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच मान्य केलेले आहे. हा शोध आमच्या कॉलेजातल्या वाणिज्य विभागाच्या सहकाऱ्यांचा. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना त्यांना मी माझे प्रकरण ‘एका नातेवाईक बाईंचे’ म्हणून सांगितले होते. अजून माझी खोड गेली नव्हती!

ती गेली सुनावणीच्या दिवशी. खोलीत माझ्याखेरीज सगळे पुरुष होते. कंपनीकडून आलेले गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, “बाईंच्या त्रासाबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण ही शस्त्रक्रिया रूप बदलणारी आहे आणि जिवाला तात्काळ धोका काही नव्हता.” मग मला विचारण्यात आले, की तुम्हाला काय सांगायचे आहे?

क्षणभर तीच ती जुनी खाली मान. ‘छातीचा त्रास’ असे शब्द ओठांवर आलेही होते. पण डोळ्यांपुढे आईचे खांदे आले. मी म्हणाले, “माझ्या स्तनांच्या वजनामुळे माझी मान आणि पाठ कामातून गेली होती. त्यांच्याखालची कातडी दोन पावसाळे चिघळत होती. दोनदा ताप आला, त्याची औषधपत्रं जोडली आहेत. बोटं बधिर होत होती, त्याची तपासणी जोडली आहे. या वाक्यात ‘जिवाला धोका’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘प्रकृतीला धोका’ असं लिहिलेलं आहे. तो होता, आणि माझ्या डॉक्टरांनी तो प्रमाणित केला आहे.”

माझा आवाज कापला नाही. समोर कोणी दचकलेही नाही. कुणीतरी कागदावर टिपून घेतले. इतकी वर्षे ज्या शब्दाला मी भीत होते तो उच्चारल्यावर खोलीतला पंखासुद्धा थांबला नाही.

“आणि रूपाचं काय?” असे त्या गृहस्थांनी विचारले. त्याचेही उत्तर मी दिले. रूप बदलले, हे खरे आहे. नवे ब्लाऊज शिवायला टाकताना मला आनंद झाला, हेही खरे आहे. खोटे कशाला बोलू? पण दुखणे गेले आणि त्याबरोबर थोडे रूपही आले, तर आधीचे दुखणे खोटे ठरते काय? मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांचा गढूळपणा जातो. म्हणून कोणी ती शस्त्रक्रिया डोळे सुंदर दिसण्यासाठी केली असे म्हणत नाही. पुण्याच्या त्या कावसजीला नवे नाक मिळाले तेव्हा तो अधिक बरा दिसू लागलाच असेल.

महिनाभराने निवाडा आला. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होती आणि अपवादाच्या वाक्यातच तिला जागा आहे, असे त्यात म्हटले होते. खोलीच्या भाड्यातला फरक आणि काही किरकोळ वस्तू वजा जाऊन २,११,००० रुपये मंजूर झाले. निवाड्याची अंमलबजावणी कंपनीने तीस दिवसांत करायची असते. अठ्ठाविसाव्या दिवशी पैसे खात्यात आले. मुलीच्या प्रवेशासाठी पतपेढीतून काढलेले कर्ज त्याच आठवड्यात फिटले.

हे वाचून कोणी असे समजू नये, की प्रत्येकीला असा निवाडा मिळतो. ‘प्रत्यक्ष आणि तात्काळ’ हे शब्द कडक आहेत आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या कागदांवर ठरते. माझे कागद शाबूत होते म्हणून मी तरले. तेव्हा ज्या भगिनीला असा त्रास असेल तिला माझे सांगणे एवढेच: दुखते तेव्हाच डॉक्टरला दाखवा आणि प्रत्येक वेळी कागदावर लिहून घ्या. कातडीचे, हाडांचे, व्यायामाचे सारे कागद तारीखवार ठेवा. शस्त्रक्रियेआधी विम्याचा तो अपवाद शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचा. दाखल्यात आवश्यकता लिहिली आहे ना, ते स्वतः पाहा. नकार आला की त्याला शेवटचा शब्द समजू नका. तो पुष्कळदा पहिला असतो. आणि हे सगळे करण्याआधी, डॉक्टरपुढे बसल्यावर, दुखणाऱ्या अवयवाचे नाव घ्या. जे आपण नावाने सांगत नाही ते कोणी लिहून घेत नाही, आणि जे लिहिलेले नाही त्याचे पैसे कोणती कंपनी देईल?

परवा आमची लेक चकल्यांच्या ताटाशी उभी होती. म्हणाली, “आई, तुझ्या खांद्यावरचे चर बुजायला लागलेत.” मी तिला आजीच्या खांद्यांची आणि विहिरीच्या पाण्याची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आजीला कुणी विचारलंच नाही का गं?”

विचारले होते. मीच विचारले होते. पण तिने सांगितलेले उत्तर मी तेव्हा खरे मानले.

असो. दिवाळीचा घाणाही यंदा मीच घालणार आहे. ‘ह्यां’नी नकाशे काढण्याचे काम आनंदाने माझ्या स्वाधीन केले आहे.